जुन्या गिरणीत ब्रूअरी बसवताना वजन आणि पाणी कुणी सोसायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरणगावातल्या एका जुन्या कापडगिरणीचा काही भाग लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळतो आहे. त्यात दोन मजली सूतखातं, त्याला लागून करवतीच्या दातांसारख्या छपराची विणकामाची शेड आणि मागे रिकामं पडलेलं बॉयलरघर व इंजिनघर आहे. तिथे एका घाण्याला 2000 लिटर बिअर निघेल अशी ब्रूअरी आणि सोबत लोकांना बसून पिता येईल अशी जागा करायची आहे. आर्किटेक्टच्या चित्रात सूतखात्याच्या वरच्या मजल्यावर, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) खांबांच्या रांगांमधून, स्टीलच्या टाक्या उभ्या आहेत. हे जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमेल, पण त्या चित्राप्रमाणे नाही. ब्रूअरीची यंत्रसामग्री बसवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि जुन्या इमारतींच्या बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे. ब्रूअरीचं वजन आणि ब्रूअरीचं पाणी, दोन्ही जुन्या इमारतीच्या अंगावर टाकायचं नाही. टाक्यांना स्वतःचा पाया द्यायचा, पाण्याला स्वतःची वाट द्यायची आणि गिरणीने फक्त छत आणि भिंती पुरवायच्या. पुढचं सगळं यातूनच निघतं.

वजनापासून सुरुवात करू. 2000 लिटरच्या फर्मेंटरचं, म्हणजे बिअर आंबवण्याच्या टाकीचं, एकूण आकारमान 2500 लिटरच्या आसपास ठेवतात, कारण फेसाला वर जागा लागते. आतली बिअर, स्टील, इन्सुलेशन, भोवतीच्या जॅकेटमधलं थंडावा देणारं ग्लायकॉल धरून भरलेली टाकी तीन टनांच्या घरात जाते. तिचा व्यास दीड मीटरच्या आसपास, म्हणजे तिच्या सावलीखालच्या जमिनीवर चौरस मीटरला दीड टनाहून जास्त भार येतो. आपल्याकडच्या भारमानकात जड यंत्रांच्या कारखान्यासाठीही मजल्यावर चौरस मीटरला 10 किलोन्यूटन, म्हणजे साधारण एक टन, धरतात. शिवाय हे तीन टन चार पायांतून उतरतात. एका पायाखाली पाऊण टन, तेही तळहाताएवढ्या पट्टीवर. सागवानी तुळयांवरच्या फळ्या किंवा विटांच्या कमानी अशा एकाच जागी एकवटलेल्या भारासाठी कधीच घातल्या नव्हत्या. सूतखात्यातले साचे, म्हणजे कताईची यंत्रं, लांब असायचे, त्यांचं वजन सगळीकडे पसरायचं.

मग टाक्या कुठे ठेवायच्या? गिरणी बांधणाऱ्यांनी याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. मागांचा हादरा मजल्यांना सोसणार नाही म्हणून विणकाम जमिनीवरच्या शेडमध्ये ठेवलं जायचं आणि कताई वरच्या मजल्यांवर. वाफेच्या इंजिनासाठी आणि बॉयलरसाठी खोल, भरभक्कम पाया घातला जायचा आणि उंचीही सोडलेली असायची. म्हणून तुमचं ब्रूहाऊस, म्हणजे बिअरचा रस शिजवून उकळण्याचा विभाग, बॉयलरघरात किंवा इंजिनघरात जावं. फर्मेंटर आणि थंड साठवणीच्या टाक्या विणकामाच्या शेडमध्ये, जमिनीवर. वरच्या सूतखात्यात ऑफिस, बिअरची चव तपासण्याची खोली, रिकामे केग (बिअरची पिंपं), छापील खोकी, अशा हलक्या गोष्टी. माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, पोतीसुद्धा वर चढवू नका. 25 किलोची पोती थरावर थर रचत गेलात की तिथेही तोच प्रश्न उभा राहतो.

ज्या इमारती ब्रूअरी म्हणून टिकल्या, त्यांच्याकडे याच नजरेने बघा. टोरांटोची स्टीम व्हिसल ब्रूअरी 2000 साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या 1929च्या गोलाकार इंजिनशेडमध्ये सुरू झाली. वाफेची इंजिनं उभी राहण्यासाठीच केलेली ती जमीन, तिला टाक्यांचं ओझं नवीन नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ब्रूअरी 1979 साली 1937 सालच्या एका कॉफी भाजण्याच्या कारखान्यात गेली आणि 2023पर्यंत तिथेच बिअर बनवत राहिली. वॉशिंग्टनच्या नौदल गोदीतल्या 1919च्या बॉयलर बनवण्याच्या कारखान्यात 2013पासून ब्लूजॅकेट ब्रूअरी आहे. इंजिन, कॉफीची पोती, बॉयलर, असं काहीतरी जड पूर्वी तिथे राहत होतं. तुमच्या इमारतीतही अशी जागा आहे, फक्त ती चित्रात मागच्या बाजूला ढकलली गेली आहे.

खांबांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे लोक फार बेधडक वागतात. बिडाचा खांब दाब उत्तम सोसतो, पण ताण आणि वाक सोसत नाही, आणि तुटतो तेव्हा आधी काही न सांगता तुटतो. पोलादाला करतात तसं त्याला वेल्डिंग करू नका. पाइपांचे ब्रॅकेट लावण्यासाठी भोकं पाडू नका, पट्टा आवळून बसवा. हे खांब आतून पोकळ असतात आणि ओतताना आतला गाभा सरकला असेल तर एका बाजूची जाडी कमी भरते. म्हणून अल्ट्रासोनिक मीटरने चारही बाजूंनी जाडी मोजून घ्या. करवती छपराच्या शेडमध्ये आणखी एक शक्यता असते: दोन दातांमधल्या पन्हळीचं पावसाचं पाणी पोकळ खांबातूनच खाली सोडलेलं असतं. तसं असेल तर तो खांब शंभर वर्षं आतून गंजतो आहे, आणि त्याच्या बुडाशी तुम्ही नवीन काँक्रीट ओतून ती वाट बुजवलीत तर शेडमध्ये पावसाळ्यात काय होईल ते सांगायला नको.

मजल्याखाली लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या कमानी असतील तर त्यांना बांधणाऱ्या आडव्या लोखंडी सळ्या शोधा आणि त्यांना हात लावू नका. कमान बाजूंना ढकलत असते, सळी ते ढकलणं अडवते. ड्रेनच्या पाइपासाठी कमानीच्या मध्यात भोक पाडणं आणि वाटेत येते म्हणून सळी कापणं, ही दोन्ही कामं प्लंबर सहज करून जातो. त्याला आधी नकाशा द्या, मग ड्रिल.

आता पाणी. जुन्या गिरणीला ब्रूअरीचा खरा त्रास याच बाजूने होतो, आणि बजेटमध्ये सगळ्यात कमी पैसे इथेच ठेवलेले असतात.

कापडगिरणी दमट असायची, हे खरं. सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा सोडत. त्यामुळे मालक सांगतात की या भिंतींना ओलाव्याची सवय आहे. पण तो हवेतला ओलावा होता. ब्रूअरीत जमिनीवर रोज पाणी वाहतं, त्यात कधी 80 अंशांचं गरम पाणी, कधी टाक्या धुण्याचं दोन टक्के कॉस्टिक, कधी आम्ल, कधी जंतू मारणारं पेरॅसिटिक, वर सांडलेला गोड वर्ट, म्हणजे न आंबलेला माल्टचा रस. छोट्या ब्रूअरीत एक लिटर बिअरमागे पाच ते सात लिटर पाणी लागतं. तुमच्या एका घाण्यामागे सुमारे 12,000 लिटर, आणि त्यातलं आठ हजारांच्या वर सांडपाणी होऊन जमिनीवरून किंवा पाइपातून बाहेर पडणार. चुन्यात बांधलेल्या विटांना हे पाणी लागू द्यायचं नाही.

जमिनीसाठी माझा सल्ला ठाम आहे: खोदू नका, वर चढवा. जुनी लादी किंवा कोबा आहे तसा ठेवून, वर वेगळं करणारा थर अंथरून, सुमारे 300 मिलीमीटर जाडीचा नवा काँक्रीटचा चौथरा घाला. टाक्यांखाली त्याचं लोखंड हिशेबाने वाढवा. याच जाडीत 60ला 1 असा उतार बसतो, स्टीलच्या नाल्या बसतात आणि जुन्या जमिनीला छिन्नी लागत नाही. पुढेमागे ब्रूअरी गेली तर चौथरा काढून जुनी जमीन परत मिळते. वारसा समितीसमोर हा मुद्दा फार कामाला येतो. शिवाय परळ, हिंदमाता, लोअर परळ हा सखल पट्टा. ज्या भागात पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचतं, तिथे उत्पादनाची जमीन फूटभर वर असणं म्हणजे मोटारी, पंप आणि पॅनेल वाचणं. बाहेरच्या गटाराला जोडताना पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह विसरू नका. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की ते गटार तुमच्याकडे वाहायला लागतं.

एक पथ्य मात्र पाळा. चौथरा भिंतीला भिडवू नका. जमिनीतून वर येणाऱ्या ओलीला मोठ्या शेडभर काँक्रीटचं झाकण बसलं की ती कडेला सरकते आणि भिंतीतून वर चढते. पाच-सहा इंचांची मोकळी पट्टी सोडा, तिच्यात खडी भरा, वर जाळी टाका आणि चौथऱ्याच्या कडेला छोटा बांध उचला, म्हणजे धुण्याचं पाणी पट्टीत जाणार नाही.

चौथऱ्यावरच्या थरासाठी पॉलियुरेथेन-सिमेंटचं फ्लोअरिंग घ्या, नऊ मिलीमीटरपर्यंत जाडीचं. साधं इपॉक्सी स्वस्त पडतं आणि पहिल्या दिवशी आरशासारखं दिसतं, पण उकळतं पाणी आणि लगेच थंड पाणी असा मारा सुरू झाला की उचलायला लागतं. सिरॅमिक फरशी लावायचीच असेल तर सांधे आम्लाला टिकणारे हवेत. कोणताही थर तेल मुरलेल्या जुन्या जमिनीवर थेट चिकटवू नका. गिरणीच्या जमिनीत दशकांचं यंत्रतेल मुरलेलं असतं आणि ते वर येऊन थर सोडवतं. नवा चौथरा घालण्याचं हेही एक कारण.

भिंतींच्या बाबतीत आग्रह धरावा लागतो, कारण इथे अन्नसुरक्षेचे नियम आणि जुनं बांधकाम वरवर पाहता आमनेसामने येतात. अन्नपदार्थ बनतात तिथे भिंत धुता यायला हवी, म्हणून कंत्राटदार सिमेंटचा गिलावा मारून वर इपॉक्सी रंग देतो. चुन्याची भिंत श्वास घेते, तिच्यातला ओलावा पृष्ठभागावरून बाहेर जातो. पृष्ठभाग बंद केला की ओलावा आणि क्षार आत अडकतात, विटांचा चुरा होतो आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. मार्ग सोपा आहे: जुनी भिंत चुन्याच्या गिलाव्यातच ठेवा आणि तिच्यापासून चार-सहा इंच पुढे, जमिनीवर उभ्या केलेल्या सांगाड्यावर, धुता येतील असे पॅनेल लावा. मागे हवा खेळू द्या. पॅनेल अडीच मीटर उंचीपर्यंत पुरतात. त्याच्या वर जुनं विटकाम उघडं राहिलं तर दिसायलाही तेच हवं असतं.

वाफेकडे लोकांचं लक्ष जात नाही. किटलीतला, म्हणजे उकळण्याच्या मोठ्या भांड्यातला, वर्ट तासभर उकळतो आणि त्या तासात सुमारे सहा टक्के पाणी उडतं. 2000 लिटरला 120 लिटर, आणि 120 लिटर पाण्याची वाफ होते 200 घनमीटर. ही वाफ सागवानी कैच्यांवर आणि पत्र्यावर जाऊन थेंब धरते, ते थेंब परत टाक्यांवर पडतात, लाकडावर बुरशी येते. छपरातून नवं धुराडं काढण्यापेक्षा किटलीवर वाफ थंड करून पाणी करणारा कंडेन्सर बसवा. छप्पर अखंड राहतं, आणि त्या उष्णतेवर पुढच्या घाण्याचं पाणी गरम होतं. बॉयलरघराला जुनी चिमणी जोडलेली असली तरी तिच्यात नवीन बॉयलरचा धूर थेट सोडू नका. आत स्टीलची नळी उतरवा, आणि त्याआधी चिमणी ओळंब्यात आहे का ते तपासून घ्या.

करवती छपराची काच उत्तरेकडे असते, म्हणजे ऊन न येता उजेड यावा. उजेडाने बिअर बिघडते हे खरं, पण स्टीलच्या टाकीत तिला काही होत नाही. जपायचं ते काचेच्या बाटल्यांना आणि उघड्या ग्लासांना. मुंबई 19 अंश अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो, त्या दिवसांत या काचांतून थेट ऊनही उतरतं. बाटल्या भरण्याची लाइन त्या पट्ट्यात ठेवू नका, आणि चिलरचा हिशेब मे महिन्याचा करा.

आता जी गोष्ट माणसं मारू शकते ती. 2000 लिटर वर्ट आंबताना सुमारे 80 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याने 40 घनमीटरांहून जास्त जागा भरते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, दोन मीटर उंच खोली काठोकाठ. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून खाली साचतो. नव्या कारखान्यात जमीन सपाट असते. गिरणीत जिकडे तिकडे खड्डे असतात: इंजिनाच्या चाकाचा खड्डा, दोरखंडांचा चर, कोळशाचं तळघर, धुराचा भुयारी मार्ग. असे सगळे खड्डे शोधून एकतर भरून काढा, नाहीतर तळापासून हवा ओढणारा पंखा बसवा. टाकीतला वायू नळीने थेट इमारतीबाहेर सोडा. गॅस मोजणारे सेन्सर जमिनीपासून फूट-दीड फुटावर लावा. आठ तासांच्या कामासाठी अर्धा टक्का ही मर्यादा मानतात, तीन टक्क्यांच्या वर थोडा वेळही थांबायचं नाही. आणि तळघरात थंड साठवण करायची ती मोहक कल्पना, तेवढी कृपा करून सोडून द्या.

सांडपाण्याचं गणितही मोठं आहे. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो. बिअरचा स्वतःचा लाखाच्या आसपास जातो. म्हणजे एक बिघडलेली टाकी गटारात सोडली तर छोट्या प्रक्रिया यंत्रणेचा जीव जातो. यीस्टचा गाळ वेगळा काढा, त्याला नालीत जाऊच देऊ नका. कॉस्टिकचं आणि आम्लाचं पाणी एकत्र येऊन स्थिरावेल अशी, दिवसभराचं पाणी मावेल एवढी टाकी आधी लागते. तिला जागा इमारतीत शोधू नका, अंगणात ठेवा. भाडेपट्ट्याच्या नकाशात अंगण येतं का, हे त्यासाठी बघायचं. रस काढून उरलेल्या माल्टच्या चोथ्याचीही तीच गोष्ट: एका घाण्याचा चारशे किलोंच्या वर ओला चोथा निघतो आणि मुंबईच्या उकाड्यात तो दिवसभरात आंबतो. उपनगरातले तबेलेवाले तो आनंदाने नेतात, पण त्यांचा टेम्पो मागच्या दारापर्यंत यायला हवा.

आगीबद्दल गिरणगावात वेगळं सांगावं लागू नये. 29 डिसेंबर 2017ला, मध्यरात्र उलटल्यावर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला लागलेल्या आगीत 14 जण गेले. जुनी गिरणी आणि रात्रीची गर्दी ही जोडणी तेव्हापासून तरी प्रत्येकाने गांभीर्याने घ्यायला हवी. जाड सागवानी तुळई हळू जळते, पण तेल मुरलेल्या फळ्यांचं तसं नाही, आणि तापलेल्या बिडाच्या खांबावर बंबाचं थंड पाणी पडलं तर तो तडकू शकतो. म्हणून लोकांची बसायची जागा तळमजल्यावर, एकमेकांपासून लांब असलेल्या दोन रुंद दारांची. वर नेलीच तर दुसरा जिना बाहेरून पोलादाचा उभा करा. माल्ट दळण्याची खोली स्वतंत्र हवी, कारण हवेत उडालेली माल्टची भुकटी ठिणगीने भडकते. बऱ्याच जुन्या गिरण्यांत स्प्रिंकलरच्या पाण्याची टाकी असलेला मनोरा असायचा. तुमच्याकडे तो उभा असेल तर तज्ज्ञाकडून तपासून पुन्हा वापरात आणता येतो का ते पाहा.

खर्चाचा आकडा मी इथे देणार नाही, इमारत न बघता दिलेला आकडा खोटाच असतो. पण धडा म्हणून बर्लिन बघा. कॅलिफोर्नियाच्या स्टोन ब्रूइंगने मारिएनडॉर्फ भागातल्या 1901च्या गॅस कारखान्यात मोठी ब्रूअरी आणि रेस्टॉरंट उभं केलं, 2016मध्ये उघडलं आणि 2019मध्ये ब्रूडॉग या दुसऱ्या बिअर कंपनीला विकून टाकलं. संस्थापक ग्रेग कोक यांनी बांधकामाचा लांबलेला वेळ आणि वाढलेला खर्च यांबद्दल उघडपणे लिहिलं. वास्तू देखणी होती, बिअरलाही नाव होतं. अंगावर आला तो आवाका. म्हणून पहिल्या टप्प्यात चार फर्मेंटर बसवा, पण चौथरा, नाल्या आणि ग्लायकॉलचे मुख्य पाइप आठ टाक्यांच्या हिशेबाने घाला. टाकी नंतर आणता येते, चालू ब्रूअरीत जमीन पुन्हा फोडता येत नाही. आठवी टाकी कोणत्या दारातून आत येणार हेही आजच नकाशावर आखा.

परवानग्यांचा क्रम लोक उलटा करतात. आधी इमारत वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, हे पाहा. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच बदलता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत आत बरीच मोकळीक मिळते. मग राज्य उत्पादन शुल्क विभाग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, अग्निशमन दल आणि वारसा समिती, चौघांकडे एकच नकाशा जाऊ द्या. एकाच्या सांगण्यावरून भिंत सरकली की उरलेल्या तिघांकडे सुधारित नकाशा त्याच आठवड्यात गेला पाहिजे, नाहीतर तपासणीच्या दिवशी जागा आणि कागद जुळत नाहीत आणि टाक्या भरायच्या थांबतात.

आणि हे सगळं सुरू करण्याआधी, सही करण्याच्याही आधी, मालकाकडून तीन महिन्यांची तपासणीची मुदत लेखी मागून घ्या. त्यात जुन्या बांधकामाचं काम केलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर, छपराचे सिमेंटचे पत्रे आणि पाइपांवरची जुनी वेष्टनं यांत ॲस्बेस्टॉस आहे का ते बघणारी प्रयोगशाळा, आणि रंगखात्याची जमीन जवळ असेल तर मातीचे नमुने, एवढं उरकून घ्या. शक्य असेल तर ही मुदत जून ते ऑगस्टमध्ये पडू द्या. छपराच्या पन्हळी, पोकळ खांब आणि बाहेरचं गटार यांच्याबद्दल जे कळायला हवं, ते त्या तीन महिन्यांत कळतं.